विंडोज संगणकातील कोणत्या पार्श्वसेवा बंद कराव्यात, हे ठरवण्याची रीत

विंडोज सुरू झाल्यावर आपण एकही प्रोग्राम उघडलेला नसला तरी आतमध्ये कितीतरी कामे चालू असतात. वाय-फाय जोडणे, आवाज पुरवणे, छपाईची रांग सांभाळणे, घड्याळ जुळवणे, नवे अपडेट शोधणे ही कामे ज्या प्रोग्रामांकडे सोपवलेली असतात, त्यांना सेवा किंवा सर्व्हिसेस म्हणतात. आपण लॉगिन करण्याआधीही त्या सुरू होऊ शकतात आणि त्यांना स्वतःची खिडकी नसते, त्यामुळे संगणक मंदावला की पहिला संशय त्यांच्यावरच येतो. मग इंटरनेटवरची ‘या सेवा बंद करा’ अशी एखादी यादी घेऊन वरपासून खालपर्यंत सगळे बंद करण्याचा मोह होतो.

ती यादी करणाऱ्याने ती बहुधा स्वतःच्या संगणकापुरती, पुष्कळदा केवळ खेळ खेळण्याच्या संगणकापुरती केलेली असते. गिरगावातल्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन रोज लागते, मुलुंडच्या गृहनिर्माण संस्थेचे इतिवृत्त मराठीत टंकले जाते, परळच्या छोट्या दवाखान्यात दिवसभर पावत्या छापल्या जातात, हे त्या यादीला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक सेवेपुढे थांबून विचारावे: ही सेवा नेमके काय करते, या संगणकावर बसणाऱ्यांपैकी कोणाला ते काम लागते, आणि हिच्यावर आणखी कोणत्या सेवा अवलंबून आहेत? या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर ती सेवा आहे तशीच ठेवावी.

वेगाविषयीची अपेक्षा आधीच मर्यादित ठेवलेली बरी. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ‘ट्रिगर स्टार्ट’ ही सोय आली आहे. एखादे उपकरण जोडले जाणे किंवा नेटवर्क उपलब्ध होणे अशी ठरावीक घटना घडली की मगच अशी सेवा जागी होते. त्याआधी व्हिस्टामध्ये ‘डिलेड स्टार्ट’ आले होते. त्यातील सेवा संगणक सुरू झाल्यावर साधारण दोन मिनिटांनी सुरू होतात, जेणेकरून सुरुवातीच्या गर्दीत त्यांची भर पडू नये. त्यामुळे यादीत दिसणाऱ्या बऱ्याचशा सेवा प्रत्यक्षात चालत नसतात, आणि जी चालतच नाही ती बंद करून काहीही वाचत नाही. ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेला जुना संगणक सेवा बंद करून तरतरीत होत नाही; लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, आणून बसवली तर त्याला जो फरक पडतो, तो कोणत्याही यादीने पडणार नाही. सेवा बंद करण्याची खरी कारणे वेगळी आहेत. न लागणारी सेवा हल्लेखोराला एक दार उघडे ठेवते, एखादी सेवा प्रत्यक्ष मोजून पाहता डिस्क किंवा प्रोसेसर अडवून बसलेली असते, किंवा कधीतरी बसवलेल्या बाहेरच्या सॉफ्टवेअरची सेवा काम संपल्यावरही मागे राहिलेली असते.

आधी पाहणी

विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ (services.msc) हे नाव इंग्रजीत टंकले की सेवांची यादी उघडते. तिच्यात ‘स्टेटस’ (सेवा आत्ता चालू आहे का) आणि ‘स्टार्टअप टाइप’ (ती कशी सुरू व्हावी) हे दोन रकाने महत्त्वाचे आहेत. ‘स्टेटस’वर क्लिक करून ‘रनिंग’ असलेल्या सेवा वर आणाव्यात आणि विचार फक्त त्यांचाच करावा. फॅक्स, रिटेल डेमो, फोन सर्व्हिस, एक्सबॉक्सच्या सेवा अशी नावे पाहून अनेकांना त्या काढून टाकाव्याशा वाटतात. पण घरगुती विंडोजमध्ये त्या सहसा ‘मॅन्युअल’, म्हणजे गरज पडली तरच सुरू होणाऱ्या, आणि थांबलेल्या असतात. तिथे वेळ घालवू नये.

चालू प्रोग्राम आणि त्यांचा भार दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये ‘सर्व्हिस होस्ट’ या नावाच्या ओळींची रांग पाहून व्हायरस शिरल्याची शंका घेणारे बरेच जण भेटतात. पूर्वी अनेक सेवा एकाच प्रक्रियेत एकत्र चालत. २०१७ मधील विंडोज १० च्या क्रिएटर्स अपडेटपासून ३.५ जीबीहून अधिक रॅम असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रक्रिया देण्यात आली, म्हणजे एक सेवा कोसळली तरी इतर सेवा तिच्याबरोबर पडत नाहीत. ओळींची संख्या वाढली ती त्यामुळे. या ओळीपुढचा बाण दाबला की आतल्या सेवेचे नाव दिसते आणि कोणती सेवा किती मेमरी घेते तेही कळते. काही नावांच्या शेवटी अंक-अक्षरांचे शेपूट असते. त्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळ्या निर्माण होणाऱ्या सेवा आहेत, आणि त्यांनाही घाबरण्याचे कारण नाही.

संगणक सुरू होण्यासच वेळ लागत असेल तर तर्क करण्यापेक्षा विंडोजने स्वतः ठेवलेली नोंद वाचावी. विंडोजमधल्या इव्हेंट व्ह्यूअर या प्रोग्राममध्ये ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, आणि त्यात ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ असा मार्ग आहे. तिथे १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू होण्यास लागलेला वेळ मिळतो आणि १०३ क्रमांकाच्या नोंदीत नेहमीपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या सेवेचे नाव मिळते. मला ही नोंद कोणत्याही सल्ल्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते, कारण ती आपल्याच संगणकाची असते.

परतीची वाट

बदलाला हात घालण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे जिथे परत जाता येईल अशी विंडोजच्या सध्याच्या स्थितीची नोंद, तयार करावा. ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ ही सोय अनेक संगणकांवर मुळातच बंद असते, तेव्हा ती चालू आहे याची आधी खात्री करावी. येथे एक विचित्र अडचण संभवते: ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ ही सेवा एरवी थांबलेली दिसते म्हणून काही जण ती निरुपयोगी समजून कायमची बंद करतात, आणि रिस्टोअर पॉइंट तर तिच्याच आधाराने बनतो. तिला धक्का लावू नये. ज्या संगणकाची डिस्क विंडोजच्या बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन या सोयीने कुलूपबंद आहे, त्याची रिकव्हरी की कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणावर आधीच उतरवून ठेवावी, कारण संगणक दुरुस्तीच्या मार्गाने सुरू करावा लागला तर तो ती मागू शकतो. शिवाय एका वहीत सेवेचे नाव, तिचा मूळ स्टार्टअप टाइप, आपण केलेला बदल आणि तारीख लिहावी. ‘ऑटोमॅटिक’ आणि ‘डिलेड स्टार्ट’ यांतला फरक पुढच्या महिन्यात कोणाच्याही लक्षात राहत नाही.

कार्यालयात वेळही निवडावी लागते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख जवळ आलेली असताना असे प्रयोग मुळीच करू नयेत. संगणक कंपनीच्या डोमेनमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या जाळ्यात, जोडलेला असेल तर त्याच्या सेवा ठरवणे हे तिथल्या व्यवस्थापकाचे काम आहे. आपण त्यात हात घालू नये.

ज्यांच्याशी खेळू नये

रिमोट प्रोसीजर कॉल या नावातील ‘रिमोट’ शब्दामुळे ती सेवा धोकादायक वाटते, पण विंडोजचे अंतर्गत संभाषणच तिच्यावर चालते आणि ती बंद झाली तर जवळपास काहीच चालत नाही. डीकॉम सर्व्हर प्रोसेस लाँचर, प्लग अँड प्ले, यूझर प्रोफाइल सर्व्हिस, इव्हेंट लॉग, क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस, विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन, डीएचसीपी क्लायंट आणि डीएनएस क्लायंट ही नावेही त्याच वर्गातली. बेस फिल्टरिंग इंजिन हे नाव कोणाच्या ओळखीचे नसते, पण विंडोजचे फायरवॉल तिच्यावर उभे असते.

विंडोज अपडेट बंद करण्याचा आग्रह मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि त्यामागचे कारण मला पटते: मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याचा दिवसभराचा डेटा एका अपडेटमध्ये संपू शकतो. पण त्यावरचा उपाय वेगळा आहे. ते कनेक्शन सेटिंग्जमधून ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेले) म्हणून नोंदवावे, अपडेट काही आठवड्यांसाठी ‘पॉज’ करावेत आणि ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मधली इतर संगणकांशी अपडेटची देवाणघेवाण करण्याची परवानगी काढून घ्यावी. सेवाच बंद केली तर विंडोज अपडेट मेडिक ही दुसरी सेवा ती पुन्हा दुरुस्त करू पाहते, आणि त्या ओढाताणीत सुरक्षेचे अपडेट मात्र राहून जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ज्या त्रुटीतून जगभरचे संगणक कुलूपबंद केले, तिचे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलेले होते.

निर्णयाचे खरे प्रसंग

प्रिंट स्पूलर हे विचार करण्याजोगे सर्वांत चांगले उदाहरण आहे. ही सेवा छपाईची कामे रांगेत लावते, ती मुळातच ‘ऑटोमॅटिक’ असते आणि मोठ्या अधिकाराने चालते. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने पसरण्यासाठी जे मार्ग वापरले त्यांपैकी एक हिच्यातील त्रुटीचा होता. जुलै २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने ओळखली गेलेली त्रुटी बाहेर आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या तारखेची वाट न पाहता तातडीने अपडेट दिले आणि तात्पुरता उपाय म्हणून सेवा बंद करण्याचा मार्गही सुचवला. म्हणजे ज्या संगणकाला प्रिंटर जोडलेला नाही आणि जोडला जाणारही नाही, तिथे ही सेवा बंद करण्याला ठोस कारण आहे. मात्र ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’देखील हिच्याच रांगेतून जाते हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बँकेचे चलन किंवा वीजबिलाची पावती त्या मार्गाने साठवण्याची सवय असेल, तर सेवा बंद केल्यावर ते जमणार नाही. प्रिंटर रोज लागतो, पण बाहेरच्या संगणकांनी आपल्या स्पूलरशी बोलू नये असे वाटत असेल, तर विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी या नियम ठरवण्याच्या सोयीमधून स्पूलरला दुसऱ्या संगणकांची जोडणी स्वीकारण्यास मनाई करता येते. स्वतःची छपाई त्यानंतरही चालू राहते. दवाखान्यासाठी किंवा संस्थेच्या कार्यालयासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो, फक्त प्रिंटर त्याच संगणकावरून इतरांना वाटून दिलेला नसावा.

स्मार्ट कार्ड या सेवेबाबत मी आग्रहाने लिहितो. इंटरनेटवरच्या बहुतेक याद्या ‘तुमच्याकडे स्मार्ट कार्ड नसेल तर बंद करा’ असे सांगतात, आणि वाचणारा प्रामाणिकपणे म्हणतो की माझ्याकडे असे कार्ड नाही. पण जीएसटी, प्राप्तिकर आणि कंपनी कामकाजाच्या संकेतस्थळांवर डिजिटल स्वाक्षरीसाठी वापरले जाणारे यूएसबी टोकन हे विंडोजच्या दृष्टीने वाचकयंत्रासह असलेले स्मार्ट कार्डच असते. टोकन लावले की ही सेवा जागी होते, आणि सर्टिफिकेट प्रोपगेशन ही दुसरी सेवा टोकनमधील प्रमाणपत्र वापरकर्त्याच्या भांडारात आणून ठेवते. या दोन्ही बंद असतील तर टोकनचा दिवा लागतो, पण संकेतस्थळाला प्रमाणपत्र सापडत नाही. मग माणूस टोकन विकणाऱ्याला फोन करतो, ड्रायव्हर पुन्हा बसवतो, ब्राउझर बदलतो आणि मूळ कारणापर्यंत पोहोचतच नाही. टोकन लावलेले नसताना ही सेवा सहसा झोपलेलीच असते, त्यामुळे ती बंद करून लाभ काहीच नाही. स्वाक्षरीच्या कामात घड्याळही अचूक लागते, म्हणून विंडोज टाइम ही सेवाही राहू द्यावी, विशेषतः मदरबोर्डवरची बॅटरी क्षीण झालेल्या जुन्या संगणकावर.

मराठीत टंकणाऱ्यांनी आणखी एका नावाकडे लक्ष द्यावे. विंडोज १० मध्ये ‘टच कीबोर्ड अँड हँडरायटिंग पॅनेल’ नावाची सेवा होती. स्पर्शाचा पडदा नाही, मग ही कशाला, असा विचार करून ती बंद करण्याची रूढी पडली. विंडोज ११ मध्ये हे काम ‘टेक्स्ट इनपुट मॅनेजमेंट सर्व्हिस’कडे गेले आहे, आणि तिच्या स्वतःच्या वर्णनातच मजकूर टंकणे व इतर लिप्यांच्या टंकनपद्धती तिच्यावर अवलंबून असल्याचे लिहिले आहे. मराठी फोनेटिक कळफलक वापरणाऱ्याने जुन्या यादीवर विसंबून तिला बंद करू नये.

आता विंडोज सर्च. ही सेवा फाइलींची सूची बनवत राहते, आणि फिरत्या हार्ड डिस्कवर ते काम जाणवते. पण ती बंद केली की स्टार्ट मेनूतला आणि आउटलुकमधला शोध मंदावतो किंवा अपुरा पडतो. ज्याच्याकडे अनेक वर्षांच्या ग्राहकांच्या फाइली आहेत त्याला तो तोटा परवडत नाही. शोधाच्या सेटिंगमध्ये जाऊन छायाचित्रांचे आणि बॅकअपचे फोल्डर सूचीतून वगळले तर सेवा चालू ठेवूनही बराच भार उतरतो. सिसमेन, जिचे जुने नाव सुपरफेच होते, ती नेहमी लागणारे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवते. त्यासाठी वापरलेली मेमरी दुसऱ्याला लागली की लगेच सोडली जाते, म्हणून भरलेली मेमरी पाहून तिला दोष देऊ नये. मात्र हार्ड डिस्कवरच्या संगणकात सुरू झाल्यावर बराच वेळ डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये हिचेच नाव वर दिसत असेल, तर ती थांबवून आठवडाभर फरक पाहणे रास्त आहे. फरक पडला नाही तर ती पुन्हा चालू करावी.

वापराची माहिती मायक्रोसॉफ्टकडे पाठवणारी ‘कनेक्टेड यूझर एक्स्पीरियन्सेस अँड टेलिमेट्री’ ही सेवा बंद केल्याने घरगुती कामात अडथळा आलेला मी पाहिलेला नाही. तरी आधी सेटिंग्जमधून ऐच्छिक माहिती पाठवणे बंद करावे आणि मग सेवेचा विचार करावा. ब्लूटूथची सेवा हेडफोन किंवा माउस कशाने जोडता यावर ठरवावी. ‘सर्व्हर’ ही सेवा आपले फोल्डर इतर संगणकांना वाटून देते, तेव्हा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ज्या संगणकावर ठेवून बाकीचे वापरतात तिथे ती आवश्यक आहे आणि एकट्या लॅपटॉपवर नाही. तरीही लॅपटॉपवर तिला हात लावण्याऐवजी नेटवर्क ‘पब्लिक’ प्रकारात ठेवणे अधिक सोपे आणि पुरेसे आहे.

बाहेरून आलेल्या सेवा

खरी सफाई सहसा येथे होते. विंडोज आणि आर दाबून ‘एमएसकॉन्फिग’ (msconfig) उघडावे, ‘सर्व्हिसेस’ या भागात मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवण्याच्या चौकटीत खूण करावी. उरतात त्या सेवा आपण किंवा आपल्या संगणकाच्या निर्मात्याने बसवलेल्या असतात. विकून टाकलेल्या प्रिंटरचा सहायक, कधीच न वापरलेल्या क्लाउड साठ्याची सेवा, निर्मात्याच्या जाहिरात-सूचना अशी नावे तिथे सापडतात. अशा वेळी सेवा बंद करत बसू नये, तो प्रोग्रामच अनइन्स्टॉल करावा, कारण नुसती बंद केलेली सेवा त्याच्या पुढच्या अपडेटबरोबर परत येऊ शकते. अँटिव्हायरसची आणि ब्राउझर अद्ययावत ठेवणारी सेवा मात्र राहू द्यावी.

दूरून पडद्याचा ताबा देणाऱ्या सॉफ्टवेअरची सेवा येथे दिसली तर गांभीर्याने चौकशी करावी. तंत्रज्ञाने एकदा मदतीसाठी बसवलेले असे सॉफ्टवेअर काम संपल्यावरही पार्श्वभूमीवर वाट पाहत राहू शकते. फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये मोबाइलवरील अशाच प्रकारच्या ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. लागत नसेल तर ते काढून टाकावे. अधूनमधून लागत असेल तर सेवा ‘मॅन्युअल’ करून ठेवावी. कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप मुंबईच्या बाजारात सहज मिळतात, आणि अशा यंत्रावर जुन्या मालकाच्या व्यवस्थापन-सेवा उरलेल्या असतील तर एकेक सेवा बंद करण्याच्या फंदात न पडता विंडोज नव्याने बसवावे. आधीच्या मालकाने आणखी काय ठेवले आहे याचा शोध कधीच पूर्ण होत नाही.

प्रत्यक्ष बदल

निवडलेल्या सेवेवर दोनदा क्लिक करून प्रथम ‘डिपेंडन्सीज’ हा भाग वाचावा. वरच्या चौकटीत ही सेवा कोणावर अवलंबून आहे ते दिसते आणि खालच्या चौकटीत हिच्यावर कोण अवलंबून आहे ते. निर्णयासाठी खालची चौकट मोलाची. ती रिकामी नसेल तर त्या प्रत्येक नावाचा विचार झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग ‘स्टार्टअप टाइप’मध्ये ‘डिसेबल्ड’ (पूर्ण बंद) न निवडता आधी ‘मॅन्युअल’ निवडावे. मॅन्युअल सेवा विंडोजला किंवा एखाद्या प्रोग्रामला खरोखर गरज पडली तर सुरू होऊ शकते, डिसेबल्ड सेवा कोणी कितीही मागितली तरी सुरू होत नाही. काही दिवसांनी ती मॅन्युअल सेवा आपोआप चालू झालेली दिसली, तर कोणालातरी ती हवी आहे असे समजावे. प्रिंट स्पूलरसारख्या, सुरक्षेच्या कारणाने बंद करायच्या सेवांना मात्र डिसेबल्डच करावे, कारण तिथे ती कोणाच्याही मागणीवरून सुरू होऊ नये हाच हेतू असतो.

एका वेळी एकच सेवा बदलावी आणि त्यानंतर ‘रीस्टार्ट’ करावे. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे पुरेसे नाही. विंडोज लवकर सुरू करण्याची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल तर शट डाउनच्या वेळी विंडोजचा गाभा आणि सेवा डिस्कवर जशाच्या तशा साठवल्या जातात व पुढच्या वेळी तिथूनच उचलल्या जातात, त्यामुळे बदलाची खरी परीक्षा होत नाही. रीस्टार्टनंतर वाय-फाय, आवाज, छपाई, मराठी टंकन, टोकनने स्वाक्षरी, टॅली आणि व्हिडिओ कॉल यांपैकी जे जे आपल्या कामात आहे ते प्रत्यक्ष करून पाहावे. पुढची सेवा काही दिवसांनीच हाती घ्यावी.

नंतर कधी १०५८ क्रमांकाची चूक दिसली तर मागितलेली सेवा डिसेबल्ड असण्याची शक्यता प्रथम तपासावी. १०६८ दिसली तर ती सेवा जिच्यावर अवलंबून आहे अशी दुसरी एखादी सुरू झालेली नाही असे समजून वहीतील शेवटचा बदल उलटवावा. विंडोज नीट सुरूच होत नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडावे, ‘ट्रबलशूट’मधून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’पर्यंत जावे आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच सेवांनिशी सुरू झालेल्या विंडोजमध्ये, सेवांची तीच यादी उघडून मूळ स्टार्टअप टाइप परत द्यावा. तेही जमले नाही तर त्याच ‘ट्रबलशूट’मधून रिस्टोअर पॉइंटकडे जाता येते. विंडोजची मोठी वार्षिक आवृत्ती बसल्यावर काही सेवा मूळ स्थितीत परतलेल्या असू शकतात, तेव्हा त्या दिवशी वही काढून प्रत्येक नोंद यादीशी पुन्हा ताडून पाहावी.